चार वाजता उठणारा लॅपटॉप

मी एक जुना काळा लॅपटॉप आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. अकरा वर्षांत माझं काळीज एकदाही बंद पडलं नाही!

मित्रांनो, आम्ही दोघे. मी काळा, दुसरा रुपेरी. एकाच कंपनीचे, चांगले महागातले, एकाच दिवशी घरी आलेले. मी काकांचा, रुपेरी काकूंचा. काका कारखान्यात माल तपासायचे. पाडून, वाकवून, तापवून बघितल्याशिवाय त्यांना कशाचाच भरवसा वाटत नसे. काकू पुस्तकांची भाषांतरं करायच्या. दुकानदार म्हणाला, "दोन्ही सारखेच टिकतील." काका म्हणाले, "ते आम्ही ठरवू." त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लागला: कोण किती वेळा पडला, कोणावर काय सांडलं, कोण किती वेळा अडकला.

मी जिन्याच्या सतरा पायऱ्या गडगडत उतरलो आणि खाली पोचेपर्यंत काकांचं एक पत्र टाइप करून टाकलं. माझ्यावर चहा सांडला, तेव्हा तो पिऊन मी पडद्यावर लिहिलं, 'साखर कमी.' रुपेरी मात्र मऊ फडक्यात निजायचा.

"अहो, यंत्र सांभाळलं की टिकतं," काकू म्हणायच्या.

"मुळात दणकट असलं तर टिकतं."

"मग तुम्ही कशामुळे टिकलात? दणकट म्हणून, की मी सांभाळलं म्हणून?"

काका हसायचे. एकदा मात्र हसता हसता भलतंच बोलून गेले. "ज्याचा लॅपटॉप आधी मान टाकेल, तोच आधी जाणार बघ."

ते वाक्य पुन्हा कोणी उच्चारलं नाही, पण ते घरातून गेलंही नाही. काका हृदयाच्या शस्त्रक्रियेला दवाखान्यात होते, त्याच आठवड्यात आमच्यातला एक गेला. काका परतले तेव्हा काकू म्हणाल्या, "माझा गेला हो. जिंकलात तुम्ही." काकांनी तक्ता काढून फाडला. पुढे दोन वर्षं काकू माझ्यावरच लिहीत राहिल्या, रोज दुपारी चारला. मग एका सकाळी त्या उठल्याच नाहीत.

त्यानंतर, चार वाजता, रिकाम्या खोलीत मी आपोआप जागा झालो. मिटलेल्या झाकणाच्या फटीतून उजेड पडला. माझा पंखा हलकेच फिरू लागला, कोणी धाप लागू न देता जिना चढावा तसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काका दाराशी उभे राहायचे. उंबरा ओलांडत नसत. एकदा तिथूनच म्हणाले, "तू टिकलास, म्हणून ती गेली."

महिन्याभराने त्यांनी मला पिशवीत घातलं आणि दुरुस्तीवालीच्या टेबलावर ठेवलं. "हा मोडून टाक, पोरी. माझ्यासमोर."

मित्रांनो, मी दुःखाने जागा होत होतो हो! दणकटांनाही दुःख असतं. म्हणून सांगतो, यंत्र बोलत नाही म्हणून त्याच्यावर हातोडा उगारू नका. त्याची धूळ पुसा, त्याला जपा. कारण ते बिचारं वर्षानुवर्षं स्वतःच्या काळजावर...

"अकरा वर्षांत एकदा बंद पडला नाही हा," काका म्हणत होते. "ती गेली, आणि हा चालूच."

"साफ खोटं!" दुरुस्तीवाली मोठ्याने म्हणाली. तिने माझी पाठ उघडलीच होती. "काका, हा याच टेबलावर मेला होता. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. काकूंनी स्वतःचा चालता लॅपटॉप आणून दिला. म्हणाल्या, यातलं काढ आणि त्यात घाल. डिस्क तेवढी ह्यांचीच ठेव, ह्यांना कळता कामा नये. काळा आहे तो फक्त डबा. आतला बोर्ड काकूंचा. रोज चारला आपोआप सुरू व्हायचं, हे त्यांनीच त्यात लावून ठेवलं होतं. पहिल्यापासून."

डब्याने काय बोलावं?

काकांनी त्या हिरव्या बोर्डाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग त्यांनी खुर्ची टेबलाला अगदी खेटून ओढली.

"परत जोड, पोरी," ते म्हणाले. "लवकर. पाचच मिनिटं राहिलीत."