गाईचं फिटलं

"दावं गळ्यातच हाय," हरिबा म्हणाला आणि गाळात खुपसलेली काठी त्याने गाईच्या मानेखालून ओढून घेतली.

सिंदफणा नदीचं पाणी आदल्या दुपारी गोठ्यात शिरलं होतं आणि सकाळी जसं आलं तसं उतरून गेलं होतं. मागे राहिला होता गुडघाभर गाळ, आणि त्यात आडवी पडलेली साखराबाईची कपिला गाय. दाव्याचं दुसरं टोक खुंट्यालाच होतं. ओढून ओढून गाईने खुंटा वाकवला होता, पण तो उपटला नव्हता. गोठ्याभोवती बरीच माणसं जमली होती. पुराने कुणाचं सोयाबीन नेलं होतं, कुणाच्या शेळ्या, कुणाची मागची भिंत. पण गाईच्या गळ्यातलं दावं दिसलं आणि जो तो आपापलं नुकसान घटकाभर विसरला. दुसऱ्याच्या दारात आपल्यापेक्षा मोठं काही घडलेलं दिसलं की माणसाला हलकं वाटतं, त्याला कुणी काय करावं!

"कुणी बांधलती?" हरिबाने विचारलं. हरिबा भावकीतला सगळ्यांत जुना माणूस. रीतिभातीचं काही अडलं की गाव त्याच्याकडे धावतं, एरवी त्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

"म्या," साखराबाई म्हणाली. "पाणी वाढलं तसं मेंढरं हाकलली अन् साळंत पळालो सगळे. हिला सोडायचं ध्यानातच आलं न्हाई."

"मोकळी असती तर पवून निगाली असती. दाव्याला मेली म्हंजी गोहत्याच की. ज्यानं बांधली त्यानं हेच दावं गळ्यात घालून पाच गावं मागायची. तोंडातून शब्द काढायचा न्हाई. बोललं की ते गाव गेलं. मागून गंगेत आंघोळ, गावाला जेवण. तवा फिटतंय."

सटवा, साखराबाईचा एकुलता एक लेक, चिडला. "कोण करतंय आता असलं, आबा? माय दावं घालून फिरली की पोरं मोबाईलात घेतेत. माझ्या इज्जतीचं काय?"

दारात त्याची बायको उभी होती. रोहिणी, सटवाची दुसरेपणाची बायको, पाचवा महिना लागलेली. तिने पोटावर हात धरला होता. "करून टाका आत्याबाई," ती म्हणाली. "गाईचं पाप लई वाईट म्हणतेत. पोटातल्यावर येतं."

साखराबाईने तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षांमागे याच दारात या घराची पहिली सून अशीच उभी राहायची. उज्ज्वला. ती पोटातल्यासकट गेली, तेव्हाही हीच माणसं जमली होती आणि हाच हरिबा डोळे पुसत म्हणाला होता, नशीब. तेराव्याचं जेवून सगळे आपापल्या घरी गेले. तिला कुणी अडवून ठेवली होती, हे विचारावंसं एकालाही वाटलं नव्हतं.

"करते," साखराबाई म्हणाली आणि गाळात उतरून दावं सोडायला लागली. ओली गाठ तिच्या बोटांना दाद देईना.

साखराबाई काही कुणाच्या नजरेत भरावी अशी बाई नव्हती. अर्धा जन्म मेंढरांमागे गेला, अर्धा कापसात. नवरा लवकर वारला तेव्हापासून घराचा कारभार तिच्या मुठीत, आणि ती मूठ तिने कधी सैल सोडली नाही. कोण कुठे जाईल, किती दिवस राहील, कधी परत येईल, सगळं तिला विचारून. मूठ घट्ट होती म्हणून घर तगलं, असं ती म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं.

दिवेलागणीला ती हरिबाच्या ओट्यावर जाऊन बसली.

"हरिबा, माणसाचं किती असतं?"

"कशाचं?"

"गाय मेली तर पाच गावं. आपल्यापायी माणूस मेलं तर?"

हरिबाने तंबाखू मळणं थांबवलं नाही. "माणसाचं पोलिस बघतेत. ते आपल्याकडं येत न्हाई."

"अन् पोलिसाकडं बी न्हाई गेलं तर?"

"मग नशीब."

"अन् खोटं बोलल्याचं?"

आता मात्र हरिबा मनापासून हसला. "खोट्याला दावं लावायचं म्हणलं तर गावात जनावराला दावं उरायचं न्हाई, साखराबाई. ते बारीक पाप. देवापुढं दिवा लावला की झालं."

साखराबाई उठली. दिवे ती तीन वर्षं लावत होती.

उज्ज्वला गेली त्या वर्षी दिवाळी सरली होती आणि रान कापसाने पांढरं झालं होतं. वेचायला मजूर मिळत नव्हते. उज्ज्वलाला आठवा महिना होता. पाय सुजलेले, डोकं ठणकायचं, मधूनच डोळ्यांपुढे अंधारी यायची. सरकारी दवाखान्याची आशाताई सांगून गेली होती, बीपी वाढलंय, बीडला नेऊन दाखवा. साखराबाईने ऐकून घेतलं. तिच्या वेळी तिचेही पाय सुजले होते आणि त्याच पायांनी ती बाळंतपणाच्या दिवसापर्यंत खुरपत होती. सटवा मेंढरं घेऊन लांब चारणीला गेला होता आणि घरातला एकुलता एक फोन त्याच्या खिशात होता. तो जाण्याच्या आदल्या दिवशी उज्ज्वलाने त्याच फोनवरून आईला सांगितलं होतं, मला न्यायला ये.

आणि आई आली होती. कोंडाबाई दोन गाड्या बदलून, काखेला पिशवी लावून दुपारी दारात उभी राहिली, तेव्हा उज्ज्वला नदीपलीकडच्या रानात होती आणि घरात साखराबाई एकटी होती. सून गेली तर कापूस झाडालाच लोंबणार, एवढंच त्या घडीला तिच्या मनात आलं. तिने विहिणीला पाणी दिलं आणि म्हणाली, "तीच न्हाई म्हणती, ईनबाई. भर वेचणी टाकून कशी जाऊ म्हणती. आई आली तर माघारी लावून द्या म्हणली." कोंडाबाई तांब्या हातात धरून बसली. मग परतीची गाडी चुकेल म्हणून उठली. संध्याकाळी उज्ज्वला रानातून आली आणि पदराने तोंड पुसत तिने विचारलं, आई आलती का? साखराबाई म्हणाली, न्हाई.

चौथ्या दिवशी पोरीला कापसातच झटके आले. बीड यायच्या आत जीपमध्ये सगळं संपलं.

मारावं असं साखराबाईच्या मनात नव्हतं. गाईलाही कुठे मारायचं होतं? पण गाईसाठी तिला निदान काही करायला सांगितलं गेलं, आणि त्या रात्री पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. शिक्षा मिळणार म्हणून माणसाला बरं वाटावं, ही गोष्ट कुणाला सांगितली असती तर तिला खुळ्यात काढलं असतं.

गाळ वाळायच्या आत ती निघाली. दाव्याचा फास सैल करून गळ्यात, पदर कमरेला खोचलेला, पायात काही नाही. पहिल्या गावात पोरांनी खरोखरच मोबाईल काढले. एका तरण्या सुनेने विचारलं, "म्हातारे, दावं कावून घातलंय गळ्यात?" तशी आतून सासूचा आवाज आला, "गाय मेली आसंल दाव्याला. बोलवू नको तिला. दाणे घाल अन् पाया पड." सुनेने दाणे घातले, पाया मात्र पडली नाही.

चौथ्या गावात वेशीजवळ गुरुपादअप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, दुकानात पुराचं पाणी शिरल्याने साखरेच्या पोत्यांचा पाक झालेला. अप्पांनी गिऱ्हाईक थांबवून मापटंभर ज्वारी तिच्या पदरात घातली.

"ज्यांनी नदी उपसून वाळू नेली, काठ खचवले, ते जीपगाडीत फिरायलेत," ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "अन् दावं ह्या माऊलीच्या गळ्यात. कुणाचं पाप मोठं हे ठरवणाराला डोळे हायत का न्हाई, कोण जाणे."

साखराबाईला बोलायची मुभा असती तर ती म्हणाली असती, अप्पा, मला माऊली म्हणू नका. तिने नुसती मान खाली घातली. लोकांची कीव तिला पुराच्या गाळासारखी अंगावर चिकटत होती आणि तिला ती नको होती.

पाचवं गाव तिने स्वतः निवडलं होतं. जवळची गावं सोडून गेवराईच्या पुढे कशाला, असं सटवाने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, गंगा तिथंच हाय, आंघोळ बी होईल. गोदावरी खरंच तिथे होती. आणि कोंडाबाईचं घरही तिथेच होतं. उज्ज्वलाचा दहावा झाला त्यानंतर दोघी विहिणी एकमेकींच्या समोर आल्या नव्हत्या. सांगायचं की नाही, हे साखराबाईचं चार गावांत ठरलं नव्हतं. गप्प राहिलं तर गाईचं फिटणार होतं, गाव जेवणार होतं, सुनेच्या पोटातलं सुखरूप राहणार होतं. बोललं तर पाचवं गाव जाणार होतं.

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. समोरच्या घराच्या ओट्यावर एक बाई शेंगा फोडत होती. दावं बघून तिनेच हाक मारली, "कोंडामावशी, गाईचं मागणारी आलीय. चार दाणे घाला."

कोंडाबाई पिठाने भरलेले हात घेऊन दारात आली. ती वाळून अर्धी झाली होती. तिने आधी दावं पाहिलं, मग दाव्याच्या वरचा चेहरा. ती आत गेली आणि सुपात ज्वारी घेऊन आली.

"धरा पदर."

साखराबाईने पदर धरला नाही.

"तुमी आलतात तवा," ती म्हणाली, "ती न्हाई म्हणली नव्हती."

"आजी, बोलायचं नसतंय," समोरची बाई ओट्यावरून म्हणाली. "फुकट जाईल सगळं."

"सुरेखा, तू घरात जा," कोंडाबाई म्हणाली. सुरेखा शेंगांची पाटी उचलून आत गेली. सूप कोंडाबाईच्या हातात तसंच होतं. "काय म्हणलात?"

"म्या खोटं बोलले. वेचणी ऱ्हाईल म्हणून. तुमी आलात हे तिला ठावंच न्हवतं. सांजच्याला तिनं इचारलं, आई आलती का. म्या न्हाई म्हणलं."

कोंडाबाई उंबऱ्यावर टेकली.

"मला वाटलं, तिला कापूस पाहिजेल होता," ती म्हणाली. "तीन वरसं म्या रुसून हाय तिच्यावर. मेलेल्या लेकीवर. घरात कुणाला तिचं नाव काढू दिलं न्हाई."

साखराबाई उभीच राहिली. गळ्यातलं दावं तिला एकाएकी पोरखेळाचं वाटलं.

"म्या शेंगदाण्याचे लाडू ठिवून गेलते," कोंडाबाई म्हणाली. "त्याचं काय केलंत?"

"दिले तिला. शेजारणीनं दिलेत म्हणलं."

"खाल्ले?"

"दोन खाल्ले." साखराबाईला इथे एखादं बरं खोटं बोलता आलं असतं, पण आता तिच्याजवळ तेवढंही उरलं नव्हतं. "आईच्या हातासारखे लागतेत म्हणली. मग मला म्हणली, आई यायची व्हती, कावून आली न्हाई की."

कोंडाबाईचं तोंड वाकडं झालं आणि पुन्हा सरळ झालं. आता ही उठेल आणि मारेल, असं साखराबाईला वाटलं. मारलं असतं तर तिने एक शब्द काढला नसता. कोंडाबाई उठली, पण तिने सूप उचललं.

"धरा पदर."

"मी गाईचं मागत न्हाई, ईनबाई."

"काय मागताय ते कळतंय मला. धरा."

साखराबाईने पदर धरला. कोंडाबाईने सूप कलतं केलं.

"हे गाईचं," ती म्हणाली. "मुकं जनावर, पाण्याच्या घाईत सोडायचं ऱ्हाऊन गेलं आसंल तुमच्याच्यानं. फिटलं म्हणून सांगा गावाला. तुमी बोललात हे मी कुणाला सांगायची न्हाई. पण लेकीचं माझ्याकडं मागू नका. ते द्यायला माझ्याजवळ काय न्हाई."

तिचं लक्ष सुपाकडे नव्हतं. अर्धीअधिक ज्वारी पदरात पडली, बाकीची उंबऱ्यावर आणि खाली मातीत सांडली. कोंडाबाईने सूप बाजूला ठेवलं, खाली बसली आणि मातीतला एकेक दाणा वेचून तळहातावर घेऊ लागली. तिला नीट दिसत नव्हतं, हात चाचपडत होता.

साखराबाई एका हाताने पदर सावरत वाकली. तिनेही दोन दाणे उचलले.

"राहू द्या," कोंडाबाई वर न बघता म्हणाली. "माझं मी वेचते."

साखराबाईने ते दोन दाणे उंबऱ्यावर ठेवले आणि ती गंगेच्या वाटेला लागली.