पंचाहत्तर किलोचा पाहुणा

मी एक जुना, जाड कॅनव्हासचा, वाळू भरलेला माणूस आहे. मला नाकडोळे नाहीत, पण दोन हात, दोन पाय आणि पायांत कुणाचे तरी टाकून दिलेले बूट आहेत. एका अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात माझा मुक्काम असतो. आगीत अडकलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं हे नव्या जवानांना शिकवायचं, तर त्यासाठी खरा माणूस कोण देणार? म्हणून मला रोज आत नेऊन ठेवतात आणि रोज ओढत बाहेर काढतात. त्यावरूनच मला सगळे 'पाहुणा' म्हणतात. चहासुद्धा न विचारता रोज घराबाहेर काढला जाणारा दुसरा पाहुणा तुम्हाला सापडायचा नाही.

मित्रांनो, माझ्या छातीवर पांढऱ्या रंगात ७५ असा आकडा लिहिलेला आहे. ते माझं वजन. आज तो आकडा खरा आहे. पण मधली कितीतरी वर्षं तो खोटा होता, आणि त्या खोटेपणापायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. ही गोष्ट मी फार दिवस पोटात ठेवली. आता सांगून टाकतो.

माझा जन्म तंबू शिवणाऱ्या एका कारागिराच्या हातून झाला. त्याने दुहेरी दोऱ्याने माझे हातपाय शिवले, मला काट्यावर बसवलं आणि डब्याने वाळू भरायला सुरुवात केली. शेवटी शेवटी तर तो चिमटीने वाळू घालत होता. काटा बरोबर पंचाहत्तरवर थांबला तेव्हा त्याने माझ्या मानेची शिवण बंद केली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "भल्याभल्यांना घाम फोडशील," तो म्हणाला.

आणि मी फोडलाही. सुरुवातीच्या वर्षांत तरणेताठे जवान मला उचलताना कण्हायचे, शिव्या द्यायचे, मध्येच टेकवून दम खायचे. त्यांनी मला शिव्या दिल्या की मला बरं वाटायचं. आपण आपलं काम चोख करतोय, असं वाटायचं.

या अंगणाचे मालक म्हणजे आमचे उस्ताद. नव्या जवानांना तेच शिकवायचे. उंच, हाडकुळे, मिशा पिकलेल्या, पण दोरावर चढायला लागले की बघणाऱ्याची मान दुखायची. लोखंडाच्या वजनांचा त्यांना भारी राग. अंगणात एक दोर, एक आडवा दांडा आणि मोकळी जमीन, एवढाच त्यांचा संसार. जोर मारा, बैठका काढा, दांड्याला लटकून हनुवटी वर न्या. "स्वतःचं वजन उचलता आलं की जगातलं कुठलंही वजन उचलता येतं," हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणायचे.

आता मुद्द्याचं सांगतो. मला ओढताना जवान मला काखेत धरतात. त्यामुळे माझ्या डाव्या काखेची शिवण हळूहळू उसवली. मोठं भोक नव्हतं, करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढंच. पण दर फेरीला त्यातून चिमूटभर वाळू सांडायची. रोजच्या वीस-पंचवीस फेऱ्या, आणि अशी किती वर्षं, तुम्हीच हिशोब करा.

अंगण झाडायला एक मावशी यायच्या. त्यांच्या लक्षात आलं होतं. "उस्ताद, इथं रोज वाळू कुठून येते हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"वाऱ्यानं येत असेल," उस्ताद म्हणाले.

मावशींना काही वाया घालवणं जमायचं नाही. भिंतीवर आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. मावशी झाडलेली वाळू चाळून त्या बादल्यांत टाकायच्या. बादल्या भरल्या तेव्हा त्यांनी आणखी तीन मागून घेतल्या. मी समोरच पडलेलो असायचो. माझाच ऐवज माझ्यासमोर भिंतीवर टांगला जात होता, आणि कुणाला पत्ता नव्हता.

हळूहळू जवानांचं कण्हणं थांबलं. "अरे, पाहुणा तर अगदीच हलका," असं म्हणत ते मला खांद्यावर टाकायला लागले. उस्तादांची छाती फुगायची. आपल्या जोर-बैठकांनी ही किमया केली, असं त्यांना मनापासून वाटायचं. खरं सांगू का? मलाही ते आवडायला लागलं होतं. जड असताना मी शिव्या खाल्ल्या आणि हलका झालो तर लाडका झालो. तोंड असतं तरी मी खरं बोललो असतो, याची मला आजही खात्री वाटत नाही.

पुढे एका तुकडीत उस्तादांची स्वतःची मुलगी आली. चणीने लहान, पण दोरावर अशी सरसर चढायची की सगळे तिला खार म्हणायचे. घरात ती त्यांना बाबा म्हणायची, अंगणात मात्र उस्ताद. तशी सक्त ताकीद होती. त्याच तुकडीत एक आडदांड मुलगा होता. त्याला सगळे गोदाम म्हणत. तो गॅरेजच्या मागे, गाड्यांचे जुने लोखंडी भाग एका पाइपाला बांधून गुपचूप उचलायचा. दोरावर मात्र तो अर्ध्यातच अडकायचा आणि खाली सगळे हसायचे.

एके दिवशी उस्तादांनी त्याला ते लोखंड उचलताना पकडलं.

"हे कशाला? अंगातलं वजन कमी पडतं का तुला?"

"उस्ताद, आपलं अंग आपलं ऐकतं. आपण जोर लावला की तेही थोडा लावतं," गोदाम खाली मान घालून म्हणाला. "बेशुद्ध माणूस काहीच लावत नाही. तो नुसता पडून असतो. त्याची सवय कशी होणार?"

"मग हा आमचा पाहुणा काय शुद्धीवर असतो?" उस्तादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पंचाहत्तर किलो आहे. खार बावन्न किलोची. लोखंडाला हात न लावता ती याला एका मिनिटाच्या आत बाहेर काढते. आता बोल."

सगळे हसले. गोदाम काहीसं चाचरत म्हणाला, "याचं वजन परत कधी केलंय का?"

"माणूस जाड-बारीक होतो रे. वाळू कशाला होईल?"

मित्रांनो, ज्या साक्षीदाराच्या जोरावर उस्तादांनी वाद जिंकला तो साक्षीदार मी होतो, आणि मी खोटा होतो. उद्या खरा माणूस उचलायची वेळ आली तर या मुलीचं काय होईल, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मागे लागला.

ती वेळ आठच दिवसांत आली.

अंगणाच्या कोपऱ्यात धुराची खोली आहे. खोली लांबट आहे, खिडक्या बंद असतात आणि पुढच्या दाराला गुडघ्याएवढा उंच सिमेंटचा उंबरा आहे. आत एका पिंपात ओली पोती पेटवून धूर करतात. उस्ताद मला आत ठेवायचे, शिट्टी वाजवायचे आणि मागच्या दाराने निघून जायचे. मग जवान तोंडाला मास्क लावून पुढच्या दाराने शिरायचा, रांगत मला शोधायचा आणि ओढत बाहेर आणायचा. नव्वद सेकंदांची मुदत. बाहेर मदतनीस घड्याळ बघून दर दहा सेकंदांनी मोठ्याने आकडा सांगायचा.

त्या दिवशी पोत्यांना गॅरेजमधलं तेल लागलेलं होतं. धूर काळा आणि दाट झाला. उस्तादांनी मास्क लावला नव्हता, ते कधीच लावायचे नाहीत. त्यांनी मला भिंतीशी टेकवलं, शिट्टी वाजवली, दोन पावलं मागच्या दाराकडे गेले आणि खोकायला लागले. मग गुडघ्यांवर बसले. मग माझ्या पायांशी आडवे झाले. बाहेर कुणाला काही कळलं नाही, कारण शिट्टी तर वाजली होती.

पुढचं दार उघडलं आणि बंद झालं. खार आत आली.

"दहा!"

ती रांगत, हाताने जमीन चाचपत आली. तिचा हात बुटाला लागला. तो बूट माझा होता. तिने सवयीने मला काखेत धरलं आणि ओढायला सुरुवात केली.

"वीस!"

मी सरकत होतो. कसलाही त्रास न देता मी दाराकडे चाललो होतो आणि तिचे वडील मागे राहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण दगड व्हावं, जमिनीला चिकटून बसावं. पण मी सरकतच होतो. हलका ना मी!

तेवढ्यात मागून कुणीतरी कण्हलं.

खार थांबली. पाहुणा कण्हत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने मला टाकलं आणि ती मागे रांगली. तिचा हात शिट्टीच्या साखळीला लागला.

"चाळीस!"

"बाबा," ती म्हणाली. अंगणातली ताकीद ती विसरली. तिने त्यांच्या काखेत हात घातले आणि मला ओढते तसं ओढलं. ते हलले नाहीत. तिने पुन्हा जोर लावला. उस्तादांचा खांदा तेवढा वर आला आणि बाकीचं अंग जमिनीवरच राहिलं. "बाबा, उठा ना. थोडं तरी उठा."

"साठ!"

मग तिने टाचा जमिनीला रोवल्या आणि सगळं अंग मागे टाकलं. उस्ताद वीतभर सरकले. पुन्हा वीतभर. तिचा श्वास मास्कमध्ये घरघरत होता, पण तुटत नव्हता. तेवढं उस्तादांचं शिक्षण कामी आलं, हे मला कबूल केलंच पाहिजे. दुसरं कुणी असतं तर तिथेच बसलं असतं. ती मात्र वीत वीत करत त्यांना उंबऱ्यापर्यंत घेऊन आली.

"नव्वद!"

उंबऱ्याशी मात्र ओढून भागत नव्हतं. तिथे उचलायला हवं होतं. तिने दोनदा उचललं आणि दोन्ही वेळा उस्ताद तिच्या हातांतून खाली घसरले. तिसऱ्यांदा तिचे हातच वर येईनात. तिने दारावर लाथ मारली.

बाहेर मदतनीस म्हणाला, "धूर जास्त आहे आज, लागेल वेळ."

"खार कधी साठाच्या वर गेलेली नाही," गोदामचा आवाज आला, आणि कुणाची परवानगी न विचारता त्याने दार उघडलं. त्याला खाली माणूस दिसला. त्याने वाकून, पाठ ताठ ठेवून दोन्ही हात उस्तादांच्या खाली घातले आणि एका दमात त्यांना उंबऱ्यावरून उचलून अंगणात ठेवलं. गॅरेजमागे तो पाइप उचलायचा, अगदी तसंच.

उस्ताद वाचले. चार दिवस दवाखान्यात राहिले आणि पाचव्या दिवशी अंगणात येऊन बाकावर बसले. मुलगी समोर उभी होती. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"मी हे काम सोडतेय, उस्ताद."

"का?"

"मी घाबरले. रोज पंचाहत्तर किलो ओढते आणि खरी वेळ आली तेव्हा हातपाय गाळले. पुढच्या वेळी आत दुसऱ्या कुणाचे तरी वडील असतील."

उस्ताद माझ्याकडे वळले. त्यांची नजर माझ्या छातीवर होती.

"दवाखान्यात माझं वजन केलं," ते सावकाश म्हणाले. "चौऱ्याहत्तर भरलं. बूट आणि गणवेश धरून आणखी तीन-चार म्हण." मग त्यांनी हाक मारली, "गोदाम, भांडारातला काटा आण. आणि ह्याला त्यावर बसव."

मला काट्यावर बसवलं तेव्हा तो तंबूवाला आठवला. काटा थरथरला आणि थांबला. त्रेपन्न.

कुणी हसलं नाही. गोदामने माझा हात वर केला आणि काखेतलं भोक दाखवलं. दोन कण वाळू उस्तादांच्या बुटावर पडली.

झाडू थांबवून मावशी म्हणाल्या, "मी कधीची विचारतेय, वाळू कुठून येते म्हणून." आणि त्यांनी भिंतीवरच्या बादल्यांकडे बघितलं.

उस्तादांनी मुलीच्या हातातला कागद घेतला, फाडला आणि खिशात ठेवला. "तू घाबरली नाहीस, पोरी. मीच तुला इतके दिवस हलकं वजन दिलं आणि वर फुशारकी मारली." मग ते गोदामकडे वळले. "तुझं ते लोखंड गॅरेजच्या मागे कशाला? इकडे उजेडात आण. मला शिकव ते कसं उचलायचं. आणि तू दोरावर चढायला शिक, तिथे तुला सुट्टी नाही."

त्याच दुपारी तीन लाल बादल्या माझ्या पोटात रिकाम्या झाल्या. काख उस्तादांनी स्वतः शिवली, तिहेरी दोऱ्याने. बोटाला सुई दोनदा टोचली, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी खारीला मी हलेना. उंबऱ्यावरून तर नाहीच. तिने मला शिवी दिली आणि कित्येक वर्षांनी मला पुन्हा बरं वाटलं. मग रोज सकाळी दोर आणि दांडा, संध्याकाळी लोखंड, असं सुरू झालं. जोर-बैठका वाया गेल्या नव्हत्या, पण एकट्या पुरणाऱ्याही नव्हत्या. चार महिने गेले. एका सकाळी तिने मला काखेत धरलं, पाठ ताठ केली आणि उंबऱ्यावरून उचलून अंगणात ठेवलं.

"कसा वाटला पाहुणा?" उस्तादांनी विचारलं.

"जड," ती म्हणाली.

उस्तादांनी मान हलवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

मित्रांनो, आता दर महिन्याच्या एक तारखेला मला काट्यावर बसवतात. मी म्हातारा झालोय, कॅनव्हास विरत चाललाय, पुन्हा कुठेतरी उसवेन. माझी एवढीच विनवणी आहे, की ज्याच्या भरवशावर कुणाचा तरी जीव आहे, त्या वस्तूवर लिहिलेल्या आकड्याला भुलू नका. तिला अधूनमधून उलटीसुलटी करून बघा, तिची काख तपासा. आणि झाडणाऱ्या मावशी काही विचारत असतील तर जरा थांबून ऐका. माझ्याकडून काही चुकलं तर मला ओरडून सांगता येत नाही. पण मी नेहमी जड राहावं, एवढी काळजी तुम्ही घ्या.