किती माशा मारल्या?

मार्गशीर्षातलं ऊन. कोवळं, केशरी, दवात न्हालेलं. डोंगराच्या खांद्यावरून घसरगुंडी खेळत ते गुंजवणी नदीत उतरलं आणि तळाच्या गोट्यागोट्यावर सोन्याचा मुलामा चढवून मोकळं झालं. पाणी इतकं नितळ, की आभाळानं त्यात बघून भांग पाडावा.

त्या सुवर्णजली प्रभाती झुंबरतात्या ओसरीवर माशा बांधत बसले होते.

माशा म्हणजे मासे धरायच्या माशा. गळाला रेशमाचा दोरा गुंडाळायचा, वर पिसाचा एखादा फेर द्यायचा. पाण्यात पडली की माशाला वाटावं, आत्ताच कुणी किडा जन्माला आला! बापाच्या बोटांतून आलेली विद्या ही. रेशीमधागी, पीसपंखी विद्या.

पण गावाला कसली विद्या नि कसलं काय. नाक्यावरचा हॉटेलवाला सोपाना रोज हाळी घालायचा, "काय तात्या, आज किती माशा मारल्या?" आणि बाकडंच्या बाकडं खिदळायचं.

परवा तात्या उखडले. "रविवारी राणडोहातला म्हातारा खडस मासा काढून दाखवतो. माझ्या माशीवर!"

"आन् न्हाई निघाला तर?"

"तर माझ्या ओसरीला पाटी लाव. 'इथे माशा मारून मिळतील'."

"आन् निघाला तर?"

"तर मी सांगंन ती पाटी, तुझ्या दाराला."

सोपानानं पाटी त्याच दुपारी रंगवून ठेवली. निळ्यावर पांढरी. कोपऱ्यात कमळसुद्धा काढलं, मेल्यानं.

आज तो रविवार.

तात्यांनी डबा उघडला. एकेक गळ लाकडात रोवून नखानं छेडला. बद्द बोलला तो बाद. टणकन गायला तो पास. मग टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितलं. घसरलं ते बोथट, रुतलं ते शूर. निवडला तो रुपेरी, रुंद, मिशीसारखा बाकदार गळ. प्रतिज्ञा मोठी, तर गळ बारका कसा चालेल?

मग पिसं. सरदार कोंबड्याच्या मानेची पिसं! अग्निवर्णी, लखलखती, ताठ. सूर्यानं स्वतःच्या हातानं इस्त्री केल्यासारखी. तात्यांचा हात तिथंच थबकला.

"आवं, ते ताठ हाय." सुपात धान्य पाखडता पाखडता बायको, प्रयागाबाई, बोलली. "पान्यात काठी हुईल त्याची. चंद्रीचं घ्या."

"कोंबडीचं? ते मातकट? सोपाना हसंल."

"सोपाना गिळनार हाय का माशी?"

तात्यांनी सरदाराचंच पीस बांधलं, टोपी चढवली आणि ते निघाले. आज त्यांना लाल हवं होतं.

राणडोह. हिरवा, गहिरा, मौनगर्भ. काठावर अख्खं बाकडं हजर, सोपानाच्या काखेत पाटी. तात्यांची लाल माशी पाण्यात पडली. एकदा, पाचदा, वीसदा. पडली आणि नवरदेवासारखी नुसती मिरवली. ताठ. निर्जीव. खालून एक सावली वर आली, थांबली, आणि तिनं तोंड फिरवलं.

"तात्या, पाटी उजवीकडं ठोकू का डावीकडं?"

पोरं हसली, झाडं हसली, पाणीही जरासं हसलं. तात्यांनी मान खाली घातली. कपाळाचा घाम पुसायला टोपी काढली.

टोपीच्या घडीतून एक पीस तरंगत आलं.

मातकट. ठिपक्याठिपक्यांचं. जावळासारखं मऊ. चंद्रीचं. घडीत कुणी खोचलं, ते सांगायची गरजच नव्हती.

तात्यांनी ते ओठांत ओलं केलं, हलकेच फुंकर घातली. पीस उमललं. मिटलं. पुन्हा उमललं. श्वास घेत होतं ते! मग त्यांनी गळही बदलला. डब्यातला सगळ्यांत बारका, जवसाएवढा, पण टणकन गाणारा. दोऱ्याचे वेढे, पिसाचे दोनच फेर. तिसरा नाही.

माशी बुडाली. पाण्यात उमलली, मिटली, उमलली.

आणि डोह शहारला.

दोरी ताणली, काठी कमानली. बऱ्याच झटापटीनंतर वर आला तो ताम्रकल्ली, सुवर्णखवली, दोन हात लांबीचा राजा. अख्खं बाकडं पाण्याकडे वाकलं. तात्यांनी गुडघ्यावर बसून गळ सोडवला, राजाला पाण्यातच धरलं, त्याचे कल्ले लयीत हलू लागेपर्यंत धरलं, आणि हात उघडले. काढून दाखवायची पैज होती. खायची नव्हती.

"सांगा मग," सोपाना पुटपुटला, "काय रंगवू?"

"कायबी नको. पाटी हीच." तात्यांनी त्याच्या काखेतली पाटी थोपटली. "दार तेवढं तुझं."

आता जिलबीच्या परातीवर, भज्यांच्या डोंगरावर, निळ्यावर पांढरं झळकतंय: 'इथे माशा मारून मिळतील'. कमळासकट. आणि गिऱ्हाईक वाचून परातीकडे बघतं, हो!

घरी उंबऱ्यात प्रयागाबाई. "किती माशा मारल्या?"

"एकच. तीबी तुझी."

अंगणात कलतं ऊन, हळदीचं, हलकं. त्या उन्हातून चंद्री चालली होती. मातकट, ठिपकेदार, एका पिसानं उणी. मान उंच, पाऊल सावकाश. तिच्या मागे अग्निवर्णी सरदार, तुऱ्यासकट, गुमान. पुढे चंद्री, मागे सरदार, आणि त्यांच्या मागे, पदर धरल्यासारखं, ऊन.