नायकाची परवानगी

लेकीचं बाळंतपण उरकून चंपाबाई जऊळक्याहून वाशीमजवळच्या मालेगावात परतली, तेव्हा तिच्या अंगणातल्या तारेवर अनोळखी लुगडी वाळत होती.

बाई लुगड्यावरून बाई ओळखते. मागच्या खोलीतल्या राजपालच्या बायकोची सगळी पातळं चंपाबाईला पाठ होती, आणि ही त्यातली नव्हती. शिवाय ती दोघं नवराबायको दिवाळी होताच ऊसतोडीला गेली होती. बंजारा तांड्यावरचा राजपाल इतर दिवसांत मालेगावात ऑटो चालवायचा आणि हिवाळ्यात कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर. जाताना खोलीला कुलूप लावून गेला होता. आता कुलूप नव्हतं आणि आतून शिलाई मशीनची खडखड येत होती.

"कोन हाय वं आत?"

मशीन थांबली. दार उघडलं ते एका तरुण बाईनं. गळ्यात टेप, दातात दोरा. तिच्या मागं एक म्हातारी भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

"तुमी चंपामावशी ना? या ना, बसा," तरुण बाई दोरा काढून म्हणाली. "मी रंजीता, राजपालदादाच्या तांड्यावरची. हे माही सासू, भुरीबाई. दादा म्हने, खोली रिकामीच हाय, आमी येतवर राहा. तांड्यावर बसून शिलाईचं काम भेटत नाई, मावशी. इथं लग्नसराईचे ब्लाऊज भेटून राह्यले. चहा मांडू?"

"माह्याच घरात मले चहा पाजतं का?" चंपाबाई म्हणाली आणि पाय आपटत पुढच्या दारानं आपल्या घरात गेली.

ती खोली तिनं नवरा गेल्यावर बांधली होती. लोकांच्या वावरात निंदण करून, गवंड्याच्या हाताखाली स्वतः विटा देऊन. मुलगा संघदीप वाशीमला कचेरीत लिपिक होता, लेक सासरी. घरात चंपाबाई एकटी. मधल्या भिंतीच्या पलीकडं कोण झोपतं, कोण उठतं, हे तिचं तिनं ठरवावं, एवढाच काय तो तिचा हट्ट होता. आता त्या भिंतीपलीकडं दुसऱ्यानंच माणसं आणून बसवली होती. बाजारातल्या एकाचा गाळा असाच भाडेकरूकडून त्याच्या साडूकडं गेला, आणि मालक कोर्टाच्या चकरा मारून मारून म्हातारा झाला, हे साऱ्या मालेगावाला ठाऊक होतं.

शेजारची रूपा कुंपणावरून वाकून सगळं ऐकत होतीच.

"सामान फेक अंगनात," ती म्हणाली. "लाईट तोड. आपोआप पयतीन."

"अन् फेकता फेकता तिची मशीन मोडली तं? ठान्यात कोन जाईन मंग, ते का मी?"

"तुही खोली असून तूच भेतं?"

"भेत नाई. माही खोली हाय म्हनूनच नीट काढतो."

संध्याकाळी तिनं संघदीपला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माय, भांडू नको. लाईट तोडू नको, कुलूप घालू नको, सामानाले हात लावू नको. तसं केलं तं चूक आपली ठरते. अन् एक ध्यानात ठेव, त्या बाईच्या हातून भाडं घेऊ नको. घेतलं म्हंजे तू तिले भाडेकरू मानलं असं होते. पोटभाडेकरू ठेवाचा नाई, असं करारात लिहेल हाय. आधी राजपालशी बोल. नाई आयकलं तं वकिलाकडून नोटीस धाडू."

"अन् नोटिशीनं खोली कवा सुटते?"

"ते काई सांगता येत नाई, माय."

चंपाबाईला हे उत्तर काही गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं राजपालला गाठलं. फोनमध्ये ट्रॅक्टर धडधडत होता.

"काहून रे राजपाल, माह्या खोलीत मानसं ठेवाले तुले कोनं सांगतलं?"

"मावशी, परवानगी घेतली ना मी!" राजपाल ओरडून बोलला.

"कोनाची?"

"नायकाची!"

चंपाबाईनं फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा कानाला लावला.

"कोन्या नायकाची?"

"आमच्या तांड्याच्या. गोविंदसिंग नायकाची. चार लोकांत इचारलं म्या. नायक म्हने, बाई कष्टाची हाय, ठेव. मी काय चोरून ठेवलं का?"

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, आणि त्यानंच चंपाबाईची पंचाईत झाली. लबाडाशी भांडता येतं. पण राजपाल तांड्यात वाढलेला. तिथं कोणी कोणाला आपल्या झोपडीत ठेवायचं तर नायकाला विचारायचं, नायकानं हो म्हटलं की वर कोणी उरत नाही. मालेगावातल्या खोलीवर नायकाची सत्ता चालत नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मंग तुह्या नायकालेच बोलावतो," ती म्हणाली.

"बोलवा ना," राजपाल खुशीत म्हणाला. "तो सांगन तुमाले."

संघदीपला हे कळलं तेव्हा तो हसला. "माय, वकील सोडून नायक?"

"ज्याच्या सबदानं घुसले, त्याच्याच सबदानं निघतीन. नाई निघाले तं तुहा वकील हायेच."

रविवारी संघदीप वाशीमहून आला आणि गोविंदसिंग नायक तांड्यावरच्या कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आला. लाल फेटा, पांढऱ्या मिशा, हातात काठी.

"जय सेवालाल, बाई."

"जय भीम, नायक. बसा."

अंगणात बाज टाकली होती. रंजीता आणि भुरीबाई आपल्या दारात येऊन बसल्या. रूपाला अचानक कुंपणाजवळ झाडायचं काम निघालं. नायक पाणी प्याला, त्यानं मिशा पुसल्या आणि सुरुवात केली.

"राजपालनं इचारलं, मी हो म्हनलं. बाई निर्मळ हाय. मंग बिघडलं काय?"

"बाईचं मी काईच म्हनत नाई," चंपाबाई म्हणाली. "तुमाले एक पुसतो. तुमच्याकडं बकऱ्या अर्धलीनं देतेत ना?"

"देतेत. मालकाची बकरी, पाळते दुसरा. पिल्लं अर्धी अर्धी."

"मी माही बकरी तुमच्या तांड्यात अर्धलीनं देली. पाळनाऱ्यानं मले न इचारता ते तिसऱ्याच्या दारात नेऊन बांधली. तुमच्यापाशी तंटा आला तं काय कराल?"

नायकाला असा तंटा काही नवा नव्हता. तो काठी आपटून म्हणाला, "मालकाले पुसल्याबिगर बकरी तिसऱ्याच्या दावनीले जातच नाई! आधी मालकाच्या दारी आनून बांधा लावतो, मंग बाकीचं."

"अन् खोली बकरीपेक्षा लहान हाय का, नायक?"

कुंपणापलीकडं रूपाचा झाडू थांबला. मग नायक इतका हसला की फेटा सावरावा लागला.

"बांधलं बाई तुमी मले माह्याच दाव्यानं," तो म्हणाला. "चूक माही. राजपालले मी म्हनाले पाह्यजे होतं, जाय, आधी घरधनिनीले पूस. उद्या ह्या दोघी तांड्यावर येतीन."

रंजीताचा चेहरा उतरला. पण ती रडली नाही.

"मावशी, खरं सांगतो. मले समजत होतं तुमाले इचारा लागते. पन तुमी नाई म्हनसान, असं भेव होतं. दादा म्हने परवानगी हाय, तं मी पुढं इचारलंच नाई."

आठवडाभर चंपाबाईनं भिंतीपलीकडून या दोघींना ऐकलं होतं. भांडण नाही, आदळआपट नाही. सकाळी अंगण झाडलेलं, तिच्या दारापुढचंसुद्धा.

"माही एक रीत हाय," ती म्हणाली. "भाडेकरू आधी माह्या घरी जेवते, मंग चावी घेते. मांगं एकजन होता, गोड बोलून राह्यला, पन माह्या घरचं पानी त्याले चालत नव्हतं. आमची खोली चालते अन् पानी चालत नाई, तसा भाडेकरू मले नको. राजपाल जेवला होता. तुमी दोघी जेवल्या नाई."

"मंग वाढा ना," भुरीबाई पहिल्यांदाच बोलली. "कवाची बसून राह्यलो."

ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. नायकही पंगतीला बसला. भुरीबाईनं पहिला घास घेतला, चघळला, सगळे तिच्या तोंडाकडं पाहत राहिले.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

रंजीतानं कपाळावर हात मारला. चंपाबाईनं मात्र मिठाची वाटी उचलून म्हातारीपुढं ठेवली. "हे बरं हाय. तोंडावर सांगनारं मानूस शेजारी पाह्यजे. राहा तुमी."

जेवण झाल्यावर संघदीपनं राजपालला फोन लावला आणि आवाज मोठा केला. नायकानं त्याला गोरमाटी बोलीत काय सांगितलं ते बाकीच्यांना कळलं नाही, पण राजपालचा आवाज बराच लहान झाला.

"मावशी, चुकलं. खोली सोडली मी. सही करून लेखी धाडतो. पन चैतात आलो तं कुठी राहू?"

"येशील तवा पाहू. रूपाची कोपऱ्याची खोली खाली हाय. पन तिले इचारजो, नायकाले नाई."

"मी जेवन-बिवन नाई घालत बरं," रूपा कुंपणावरून ओरडली.

राजपालची सही आल्यावर संघदीपनं वाशीमला नवा करार करून घेतला, रंजीताच्या नावानं, आणि भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली. मगच चंपाबाईनं तिच्या हातून पहिलं भाडं घेतलं. करारावर सही करायला चंपाबाई आणि रंजीता एसटीनं गेल्या होत्या. येताना रंजीतानं तिला वाशीमच्या बाजारातून हिरवं कापड निवडून दिलं आणि घरी येऊन पोलकं शिवलं. ते पोलकं चंपाबाईला दंडात थोडं घट्ट झालं, पण तिनं बोलून दाखवलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास एक दिवस चंपाबाई लोकांच्या शेतात तूर कापायला निघाली होती. रंजीता दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, माही ननंद येनार हाय, दोनचार दिवस राहाले. येऊ देऊ का?"

"पाव्हनी हाय ते! पाव्हन्यासाठी कोन इचारते, बाई?" चंपाबाईनं तिला झटकलं आणि डोक्यावर पदर घेऊन वाटेला लागली.

झटकलं खरं. पण ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली तेव्हा वाटेत भेटलेल्या प्रत्येकीला थांबवून सांगत होती की आपल्या भाडेकरणीची नणंद येणार आहे, आणि तिनं आधी विचारलं.