माय गप बसली

डिंपलला एका जागी स्वस्थ बसणं कधी जमलं नाही. वर्गात बसली तर टाच हलायची, जेवताना बोटं ताटाच्या कडेवर ताल धरायची, आणि असोद्याहून जळगावला कॉलेजला जाताना एसटीच्या खिडकीशी बसून तिचे ओठ बिनआवाजी चालू असायचे. शेजारच्या बायांना वाटायचं, पोरगी नामस्मरण करते. ती शब्द जुळवत असायची.

हे वेड लागलं कॉलेजच्या पार्किंगमध्ये. तिथे दुपारी पोरं गोल करून उभी राहायची. एक जण तोंडाने ठेका धरायचा आणि बाकीचे पाळीपाळीने रॅप करायचे, तेही मुंबईच्या हिंदीत. ज्यांनी मुंबई धड पाहिली नव्हती, ती पोरं मुंबईच्या गल्लीतल्या मारामाऱ्या सांगत होती. डिंपल बरेच दिवस स्कुट्यांच्या रांगेआडून ऐकत राहिली. मग एका दुपारी तिला राहवलं नाही. ती गोलात शिरली आणि घरच्या बोलीत सुरू झाली, त्या मले-तुलेच्या बोलीत, जी जळगावची वेस आली की गावची पोरं जिभेवरून पुसून टाकतात.

"केयीवाली आली रे," कोणीतरी गावाकडच्या 'केळी'च्या उच्चाराची नक्कल करत म्हणालं आणि सगळे हसले. पण तिच्या ओळी त्यांच्याच उसन्या मुंबईवर होत्या. चौथ्या ओळीला हसू थांबलं आणि ठेका धरणाऱ्याने ठेका वाढवला.

त्या गोलात एक मुलगी हात बांधून उभी होती, रुखसार. डिंपलच्याच वर्गातली, मेहरुणला राहणारी. तिच्या वडिलांचा, रमजानभाईंचा, मंडप आणि साउंडचा धंदा होता. रुखसार मिक्सर आणि स्पीकरच्या वायरींतच वाढलेली. घरी शिलाई मशीन शिकायला बसवलं, तर ही लॅपटॉपवर बीट बनवायला शिकली. "चल माझ्याकडे," ती म्हणाली, "तुझा आवाज रेकॉर्ड करून बघू."

रमजानभाईंच्या गोदामात लग्नाच्या गाद्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या होत्या. त्या थप्प्यांच्या मधोमध आवाज घुमत नसे. तिथेच त्या दोघींनी एकामागून एक गाणी केली आणि नेटवर टाकली. एसटीच्या गर्दीवर एक, पोरींच्या पाळतीवर राहणाऱ्या नाक्यावरच्या टोळक्यावर एक. ऐकणारे वाढले. असोद्यातली शाळकरी पोरं शाळेच्या गॅदरिंगला बोलीत रॅप करू लागली. गुरुजींनी कपाळाला हात लावला, पण पोरांना आवरलं नाही.

आणि मग डिंपलने ते गाणं केलं.

ती सहा-सात वर्षांची असताना घरच्या अंगणात मधल्या काकांच्या मुलीच्या साखरपुड्याची पंगत बसली होती. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, शे-दीडशे माणूस. पंगतीत मोठे आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आईच्या हातच्या बट्टीला काहीबाही बोलले. आईने, कुंदाबाईने, तिथल्या तिथे उत्तर दिलं. मोठे आबा म्हणाले, "पितांबर, आवर तुह्या बाईले." आणि वडिलांनी उठून सगळ्यांसमोर आईच्या थोबाडीत मारली. ओट्यावरून डिंपलने पाहिलं. आईने खाली पडलेली पळी उचलली, पदराने पुसली आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. डिंपल ते कधी विसरली नाही.

*बट्टी वाढली, वरण वाढलं, माय गप बसली,*
*गालावर पाची बोटं, तरी माय गप बसली.*

रेकॉर्डिंग झाल्यावर रुखसारने हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाली, "तेरी अम्मी को मालूम है?"

"तिचंच तर गाणं आहे," डिंपल म्हणाली. "तिच्यासाठीच केलं."

गाणं वणव्यासारखं पसरलं. अमळनेरच्या एका मुलीने निरोप पाठवला, मी हे गाणं माझ्या बापाला ऐकवलं. जळगावच्या बाजारात एका अनोळखी बाईने डिंपलचा हात धरला आणि नुसता दाबून सोडून दिला. डिंपलला वाटलं, आता आई आपल्याला जवळ घेईल.

आईने जवळ घेतलं नाही. रागावलीही नाही. फक्त भाकऱ्या थापायचा वेग वाढला आणि बोलणं कमी झालं.

गावाने मात्र बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. पितांबर केळीच्या गाडीला माल द्यायला गेले, तर गाडी भरणारी पोरं 'गप बसली, गप बसली' गुणगुणत होती. त्या दिवसापासून ते संध्याकाळी पारावर जाईनासे झाले. मळ्यातून यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मुलीला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर डिंपलला बरं वाटलं असतं. तिच्याकडे उत्तरं तयार होती.

बोलला तो थोरला भाऊ हितेंद्र. "पोरीवाले माह्या सोयरिकीचं इचारून राह्यले होते. आता म्हनतात, घराचं वळन कसं हाये ते पाहू. समाधान झालं तुहं?"

"मी खोटं लिहिलं का?"

"खरं असलं म्हनून गावभर वाजवतात का?"

"मारलं ते गावासमोर होतं ना? मग बोललं गावासमोर तर काय झालं?"

हितेंद्र दार आपटून निघून गेला. कुंदाबाई चुलीशी होती. डिंपलने तिच्याकडे पाहिलं, पण तिने मान वर केली नाही. डिंपल घरभर फिरत राहिली, माडीवर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आपण जिंकलो की हरलो, तिला कळेना.

तशातच धुळ्याचं बोलावणं आलं. तिथल्या काही पोरांनी पांझरेच्या काठी एका लग्नाच्या लॉनवर खान्देशातल्या रॅपर लोकांची स्पर्धा ठेवली होती. तेच गाणं करायचं, असा निरोप होता. डिंपलने घरी सांगितलं तेव्हा वडील उठून मळ्यात गेले. कुंदाबाई हात पुसत म्हणाली, "मी येते."

"तू? कशाला?"

"येते म्हनलं ना."

रुखसार वडिलांच्या साउंडच्या गाडीतून पुढे गेली, कारण स्पर्धेला स्पीकर रमजानभाईंचेच होते. मायलेकी जळगावहून धुळ्याच्या एसटीत बसल्या. पाळधी गेली, एरंडोल गेलं. डिंपलची टाच हलत होती. कुंदाबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "एक इचारू? त्या गान्यात तू म्हनते, माय गप बसली. हे तुले कोनी सांगलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? मी पाहिलं ना."

"तू पंगत पाह्यली. पंगतीनंतरचं पाह्यलं का?"

डिंपलला आठवेना. पंगतीनंतर बहुतेक ती झोपली असेल.

"त्याच्यानंतर आपन दीपनगरले गेलो, ते आठवते?"

दीपनगर तिला चांगलं आठवत होतं. मामा तिथल्या वीज केंद्रात कामाला होता. कॉलनीत बाग होती, घसरगुंडी होती, धूर सोडणाऱ्या उंच चिमण्या होत्या. लहानपणीची सगळ्यात मोठी आणि मजेची सुट्टी. शाळा चालू असताना कशी काय सुट्टी मिळाली, हे मात्र तिने कधी मनाला विचारलं नव्हतं.

"ती सुट्टी नव्हती वं," कुंदाबाई म्हणाली. "पंगत उठली, भांडी घासली, हितेंद्राले अन् तुले घेतलं अन् घर सोडलं. तुहा बाप मांघून आला. मी म्हनलं, मले न्यायचं असलं तर ज्या अंगनात मारलं त्याच अंगनात, त्याच मानसांईसमोर चुकलो म्हना. तो काही न बोलता निंघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. माहा भाऊ म्हने, ताई, जास्त तानू नको. मी तानलं."

एसटी पारोळ्याच्या स्टँडवर थांबली. पाणीवाले, भजीवाले चढले, उतरले. डिंपलने आईकडे पाहिलं. ती शांत होती, जणू शेजारच्या कोणा बाईची हकिकत सांगत होती.

"मंग?"

"मंग काय? तुह्या चुलतबहिनीच्या लग्नाच्या हळदीले त्याच अंगनात सगळा गोतावळा जमला. तुह्या बापानं तठी हात जोडले. तू पोराईसंगं खेळत असशीन. म्हने, मी हिच्यावर हात उचलला ते चुकलं, पुन्हा होनार नही. अन् झालं नही. तू आजपावतर पुन्हा पाह्यलं का कधी?"

डिंपलने पाहिलं नव्हतं. तिने आठवून आठवून पाहिलं, पण खरंच पाहिलं नव्हतं.

"तू मला आधी का नाही सांगितलं?" तिच्या आवाजात रडू होतं आणि रागही. "गाणं आल्यावर तरी सांगायचं."

"तू इचारलं कुठी? मी म्हनलं, इचारशीन. गानं माह्यावर हाये, तर येशीन, बसशीन, म्हनशीन, माय, मंग काय झालं. तू तर समद्या गावाले सांगून मोकळी झाली." कुंदाबाईने पदर सारखा केला. "मारलं ते खरं हाये. ते मी लपव नही म्हनत. पन मले गप बसवलं, ते तुह्या बापानं नही. ते तू बसवलं."

एसटी धुळ्याच्या वाटेला लागली. डिंपलचे ओठ नेहमीसारखे हलू लागले. ती नवी ओळ शोधत होती. हात जोडले, चुकलो म्हणाले, दीपनगर, हळद. एकही शब्द दुसऱ्याला धरत नव्हता.

लॉनवर तोबा गर्दी होती. पोरं झाडांवर, भिंतीवर, मोटरसायकलींच्या सीटवर उभी होती. रुखसार स्टेजच्या बाजूला मिक्सरवर बसली होती. डिंपलने तिला घाईघाईने सगळं सांगितलं. रुखसार म्हणाली, "देख, दुसरं गाणं कर. एसटीवालं."

"लोक तेच मागतील."

"तर मग?"

"माहीत नाही."

डिंपलचं नाव पुकारलं तेव्हा तिने एसटीचं गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच गर्दी ओरडू लागली, "गप बसली! गप बसली!" ओरडणारी पोरं तिच्याच वयाची होती आणि त्यांच्या ओरडण्यात वाईट काही नव्हतं. गाणं त्यांना खरोखर आवडलं होतं. कोणाकोणाच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. हात वर करून शेकडो पोरं ठेक्यात म्हणत होती, "माय गप बसली." आणि त्या हातांच्या पलीकडे, लॉनच्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन कुंदाबाई बसली होती. तिचं नाव न घेता सगळं लॉन तिला गप बसवत होतं.

डिंपलने रुखसारला हात केला. बीट थांबली. पण गर्दी थांबली नाही, तिने टाळ्यांवर ठेका धरला.

"ऐका," डिंपल माइकमध्ये म्हणाली. "ती गप बसली नव्हती. मी चुकीचं लिहिलं."

पुढच्या रांगेतल्यांना वाटलं, हा गाण्याचाच भाग आहे. ते आणखी जोराने ओरडले. डिंपलने तिथल्या तिथे शब्द जुळवायचा प्रयत्न केला. पार्किंगच्या गोलात तिला हे हमखास जमायचं. इथे जीभ अडखळली, ठेका सुटला, एक ओळ अर्धी राहिली. "माय निंघून गेली, दीपनगरले गेली," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली आणि ते गाण्यासारखं वाटत नव्हतं. मागून कोणी शिट्टी मारली, कोणी म्हणालं, पोरगी विसरली. वेळ संपल्याची खूण झाली. पुढच्या फेरीच्या नावांत तिचं नाव नव्हतं.

ती खाली उतरून आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. रमजानभाईंनी दोघींना चहा आणून दिला आणि कुंदाबाईला म्हणाले, "ताई, पोरगी डेअरिंगवाली आहे." कुंदाबाई म्हणाली, "भाऊ, ते तर हाये. पन ते पुरत नही."

त्याच आठवड्यात डिंपलने ते गाणं काढून टाकलं. तोवर ते दुसऱ्यांच्या फोनवर, दुसऱ्यांच्या पानांवर गेलेलं होतं. तिथून काढणं तिच्या हातात नव्हतं. तिने आणि रुखसारने दीपनगरवर नवं गाणं केलं. आईला समोर बसवून, ओळ ओळ विचारून केलं. ते फारसं चाललं नाही. 'पहिल्यात दम होता,' लोकांनी खाली लिहिलं. पार्किंगमधल्या एका पोराने तोंडावर सांगितलं, "माफी मागणाऱ्या बापावर कोण नाचेल?" डिंपलला राग आला. त्या अमळनेरच्या मुलीने मात्र पुन्हा निरोप पाठवला. तिला एकच विचारायचं होतं: तुझ्या आईने नेमकं काय म्हणून घर सोडलं? डिंपलने फोन आईच्या हातात दिला आणि कुंदाबाई बराच वेळ त्या मुलीशी बोलत बसली.

वडील अजून पारावर जात नव्हते. एका सकाळी डिंपल मळ्यात गेली. पितांबर केळीच्या घडाखाली टेकू लावत होते. तिने बांबू धरला. काही वेळ दोघं कामच करत राहिली.

"नाना," ती शेवटी म्हणाली, "त्या हळदीच्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्यांनी टेकूची गाठ आवळली. बांबू हलवून पाहिला. मग म्हणाले, "हात जोडले ना, तवा माहा भाऊ उठून चालला गेला. बायकोसमोर वाकला म्हने. तवापासून तो माह्यासंगं बोलत नही. तुह्या मायले माहीत हाये ते. पन त्याचं मले किती लागलं, ते नही माहीत."

मोठे आबा आपल्या घरी का येत नाहीत, हे डिंपलने कधी विचारलं नव्हतं. शेताच्या वाटणीचं काही असेल, असंच तिने धरलं होतं.

"हे लिहू का मी?"

पितांबरांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. "लिही. पन मले आंधी ऐकव," ते म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे वळले. "अन् मोठ्या आबाले इचारल्याबिगर त्याचं नाव नको घेऊ."

मोठ्या आबांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. डिंपल बांधावर उभी राहिली. मग चपला घातल्या आणि त्या दिशेने चालू लागली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. वाटेत सवयीने तिचे ओठ हलू लागले, तसे तिने ते मिटून घेतले.