आकडा टेकतो ती जागा

“स्क्रूला जिथं टांगायचा आकडा टेकतो ना, तिथं लेप बसत नाही. फिरवून टांगायचा आणि परत बुडवायचा,” कोटिंगच्या खोलीतल्या काकींनी तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

तिनं हसण्यावारी नेलं. “काकी, सुईच्या टोकाएवढी जागा ती! तुम्ही म्हणजे राईचा पर्वत करता.”

“हो बाई, कॉलेजात शिकून आलीस तू.”

स्क्रू मॅग्नेशियमचे. मोडलेलं हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग अंगातच विरघळायचं, म्हणजे काढायला दुसरं ऑपरेशन नको. लेप अर्धवट राहिला तर मात्र त्यांना घाई होते. हाड जुळायच्या आतच ते झिजतात, आजूबाजूला वायू साठतो.

एका दुपारी पाळणाघरातून फोन आला, लेकीला ताप होता. तिनं सात स्क्रू एकदाच बुडवले, कागदावर ‘दोनदा’समोर खूण केली आणि पर्स उचलून पळाली.

ताप दोन दिवसांत उतरला. सहा स्क्रू दवाखान्यात गेले. नमुना म्हणून ठेवलेला सातवा काकींनी दोन महिन्यांनी फेरतपासणीसाठी कोमट मिठाच्या पाण्यात सोडला. एकाच ठिपक्यातून बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. काकींनी ‘दोनदा’समोरची खूण तिला दाखवली.

“मी फिरवले नव्हते,” ती म्हणाली.

“दिसतंय ते. चल, साहेबांना सांगू. मी येते बरोबर.”

पाच पेशंट लगेच सापडले. चौघांचं हाड जुळत आलं होतं. एका शाळकरी मुलीला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. त्या मुलीच्या आईला ती जाऊन भेटली. आईनं दार लावून घेतलं.

सहावे एक म्हातारे शिंपीकाका. स्क्रू उजव्या घोट्यात. फोन बंद, घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “भाचीकडे गेलेत म्हणे. कुठली भाची, कुणास ठाऊक.”

लेकीला भरवताना ती अजून रोज तो नंबर लावते.

तेव्हा तिची विनंती एवढीच: तुमच्या शेजारी कुणाकडे असे मामा राहायला आले असतील, मशीन चालवताना उजवा पाय जपत असतील, तर जरा डोकावून या. दुखत नाही म्हणाले तरी पायमोजा खाली करायला लावा. घोटा सुजलाय का, बघा.