पाच घंटांची धून सांभाळताना

मी एक अ‍ॅरे बोलतो आहे. एका जुन्या घरगुती संगणकावर, बेसिक भाषेतल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये माझा जन्म झाला.

हरवलेल्या गाण्याची कथा अनेक रूपांत सांगितली जाते. एका पाठात विसरलेले गाणे पक्षी परत आणतो. दुसऱ्यात ते एखाद्या म्हातारीच्या झोपेतल्या पुटपुटण्यात सापडते. तिसऱ्यात ते सापडतच नाही. लोक नवे गाणे रचतात आणि दोन पिढ्यांनी त्यालाच जुने म्हणू लागतात. माझी कथा या तिसऱ्या पाठाच्या शेजारी बसते, पण पूर्णपणे त्यात मावत नाही. येथे पक्ष्याच्या आणि म्हातारीच्या जागी मी आहे, आणि मला गाता येत नाही. मला फक्त अंक धरून ठेवता येतात.

माझी मालकीण गणिताची निवृत्त शिक्षिका. तिचा धाकटा भाऊ घड्याळजी. अंगाने सडसडीत, म्हणून घरात त्याला काट्या म्हणत. बाजारातल्या मनोऱ्याचे घड्याळ तो सांभाळी, त्याच्याआधी त्यांचे वडील सांभाळीत. त्या घड्याळाला पाच घंटा होत्या, पहिली सर्वांत खालच्या सुराची, पाचवी सर्वांत वरच्या, आणि तासाचे ठोके पडण्यापूर्वी त्यांवर एक लहानशी धून वाजे. धुनेचा सारा आधार एका लाकडी ढोलावर होता. ढोल फिरला की त्यावरचे पितळी खिळे एकेक हातोडी उचलीत आणि हातोडी आपापल्या घंटेवर पडे. खिळे वडिलांनी स्वतः ठोकले होते. धूनही त्यांचीच. ती कुठेही लिहिलेली नव्हती.

ढोलाला कीड लागली. पालिकेने कळवले की पावसाळा संपण्यापूर्वी नवा ढोल बसला नाही, तर त्या जागी विजेची घंटा लागेल. विजेच्या घंटेला एकच सूर असतो. लाकूड कातणारा कातारी नवा ढोल करून द्यायला तयार होता. पण त्यावर खिळे कुठे ठोकायचे, हे आधी कोणीतरी जपून ठेवायला हवे होते. या गरजेतून मी जन्मलो.

“ताई, हे अ‍ॅरे म्हणजे काय गं?” काट्याने विचारले. जुना ढोल तिच्या जेवणाच्या टेबलावर आडवा पडला होता.

“तुझं सुट्या भागांचं कपाट आहे ना, तसं. कपाटाला नाव एकच, खणांना क्रमांक. बारावा खण म्हटलं की हात थेट बाराव्या खणात.”

“माझ्या बाराव्या खणात चहाची पुडी आहे.”

“म्हणूनच तुझी घड्याळं मागे पडतात.”

तिने ‘डिम’ ही आज्ञा लिहिली आणि मी अस्तित्वात आलो. धुनेच्या प्रत्येक मात्रेसाठी माझ्यात एक घर. घरात एक ते पाच यांपैकी अंक असेल तर त्या क्रमांकाची घंटा वाजायची; शून्य असेल तर शांतता. जन्मतः माझी सगळी घरे शून्यांनी भरलेली असतात. माणसे याला रितेपण म्हणतात. मला वाटते, ती एक पूर्ण धून असते. फक्त तिने अजून तोंड उघडलेले नसते.

काट्या खिळे वाचत गेला, ताई अंक टंकत गेली. मग संगणकाने पिपाणीसारख्या आवाजात ते वाजवले. दोघे एकमेकांकडे पाहू लागले.

“बाबांनी हे ऐकलं असतं तर मनोऱ्यावरून उडी मारली असती,” काट्या म्हणाला.

“तू खिळे वरून खाली वाचलेस. ढोल फिरतो कसा?”

काट्याने ढोलावर हात ठेवून तो फिरवल्यासारखे केले आणि कपाळाला हात लावला. “खालून वर! जन्म गेला त्याला तेल घालण्यात, आणि मी पेपर वाचल्यासारखा वाचला.”

ताईने माझ्या एकाही घराला हात लावला नाही. तिने पडद्यावर एक ओळ लिहिली: शेवटच्या घरापासून सुरुवात कर आणि एकेक घर मागे ये. अंक तेच, वाट उलटी. पिपाणीतून धून सरळ बाहेर पडली आणि काट्याने डोळे मिटून घेतले. क्रमांकाने बोलावणाऱ्याला मी कोणत्याही टोकाकडून ओ देतो. माझ्या जातीचा हाच मोठा गुण आहे.

ताईने प्रोग्रॅम कॅसेटवर सेव्ह केला आणि कातारी आल्यावर त्याला म्हणाली, “घेऊन जा ढोल मापासाठी. धून आमच्याकडे सुखरूप आहे.”

पुढचा प्रसंग ताई घरी नसताना घडला. संगणक चालू होता आणि काट्याला वडिलांची धून आणखी एकदा ऐकायची होती. ताईने पहिल्यांदा काम सुरू करताना काय टंकले होते ते त्याने पाहिले होते. त्याने तेच टंकले: ‘रन’.

‘रन’ म्हटले की संगणक कामाला लागण्यापूर्वी पाटी पुसतो. ताई म्हणूनच नंतर ‘गोटू’ लिहून थेट वाजवण्याच्या ओळीवर जाई. हे तिने भावाला सांगितले नव्हते, कारण ते सांगण्याजोगे आहे असे तिला वाटलेच नव्हते. जाणकारांचे बहुधा असे होते. रोजच्या पायवाटेतला खड्डा त्यांना दिसेनासा होतो. माझी सर्व घरे एका क्षणात शून्य झाली. पडद्यावर नम्रपणे प्रश्न उमटला: पहिले घर?

“काय दाबलंस?” परतल्यावर ताईने विचारले.

“तू दाबतेस तेच.”

तिने कॅसेट लावली. प्रोग्रॅमची ओळ न् ओळ परत आली, मी मात्र रिकामाच राहिलो. त्या संगणकाच्या ‘सेव्ह’ने कपाटाचा आराखडा जपला होता, खणांतले सामान नव्हे. ताईने काताऱ्याला फोन लावला.

“खिळे? ते उपटले की,” तो म्हणाला. “पितळ चांगलं होतं, डब्यात ठेवलंय. पुन्हा वापरू.”

“आणि ढोल?”

“कसला ढोल, ताई! हात लावला तर भुसा.”

ताईने फोन ठेवला. काट्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. “बाबांचं एवढंच उरलं होतं. तेही मी घालवलं.”

“तू पाटी पुसलीस. पाटीवरचं उतरवून घेतलं नाही, ते मी. शिक्षिका म्हणे! ऊठ आता. धून या बाजाराने जन्मभर ऐकलीय, कोणाच्या ना कोणाच्या कानात असेलच.”

ती होती, आणि एकाहून अधिक रूपांत होती. दोघे दुकानोदुकानी ती गुणगुणून घेऊ लागले. शिंपी शेवटचे स्वर घाईने उरकी. औषधाच्या दुकानातल्या बाई मध्येच लांब थांबा घेत. मौखिक परंपरेत असे होणारच. प्रत्येकजण धून आपल्या कामाच्या लयीत बसवून घेतो. जेथे बहुतेकांचे एकमत झाले तेथे ताईने अंक पक्का केला. माझी घरे पुन्हा भरत आली. या वेळी अंक तिने प्रोग्रॅमच्या ‘डेटा’ ओळींत लिहिले. आता कोणी ‘रन’ म्हटले तरी मी त्या ओळी वाचून पुन्हा भरणार होतो, आणि कॅसेटवरही त्या प्रोग्रॅमबरोबरच जाणार होत्या.

एकच घर अडले: एकविसावे.

“दुसरी घंटा,” ताई म्हणाली. “मी रोज त्या धुनेवर शाळेत गेले आहे.”

“चौथी. तू खालून ऐकलीस, भिंतींवर आपटून आलेली. मी वर होतो, बाबांच्या शेजारी.”

“वर तू कानांत बोटं घालून बसायचास!”

“आणि तू खाली उशीर झाला म्हणून पळत असायचीस!”

बाजारही दुभंगला, निम्मे ताईचे, निम्मे काट्याचे. मला विचारून उपयोग नव्हता. खरे उत्तर एकदा माझ्याच एका घरात राहून गेले होते, पण घराला आधीच्या भाडेकरूचा चेहरा आठवत नाही. अखेर ताई मोठी, म्हणून तिचे चालले. तिने तेथे दोन लिहिले. काट्याने वाद थांबवला आणि एवढेच मागितले की नव्या ढोलावर खिळे तो स्वतः ठोकील.

आज मी त्याच संगणकात आहे. दर वेळी शून्यातून उठतो, ओळी वाचतो, भरतो, आणि वीज गेली की मिटतो. तक्रार नाही. एवढीच विनंती करतो की ज्याला गमावणे परवडणार नाही, ते माझ्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. आणि जे तुम्हाला सहज येते, ते शेजारच्या माणसाला एकदा तरी मोठ्याने सांगा.

पावसाळा संपण्यापूर्वी नवा ढोल मनोऱ्यात चढला. त्या दिवशी ताईने खिडकी उघडी ठेवली होती. धून सुरू झाली. एकविसाव्या मात्रेला चौथी घंटा वाजली.

ताई जागची हलली नाही. पुढच्या तासालाही ती खिडकीशीच उभी होती. पुन्हा चौथीच. काट्या घरी आला आणि हातांवरचे तेल पुसत दारातच थांबला.

“ऐकलीस?”

“ऐकली,” ताई म्हणाली. “जरा वेळाने धून पायऱ्या उतरल्यासारखी खाली येते ना, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिथे दुसरी घंटा असती तर उतरायला जागाच उरली नसती.”

ताई संगणकासमोर बसली, ‘डेटा’ची ओळ पडद्यावर आणली आणि दोनाच्या जागी चार लिहिले.